लंगडी कोंबडी

वितोमिरनं ट्रम्पेटचा माउथपीस काढून काखेत धरला आणि वरून कोट घट्ट ओढून घेतला. फेब्रुवारीत गार पितळ ओठाला लावलं की पहिला सूर फाटतो, आणि आज पहिला सूर फाटून चालणार नव्हतं.

ओब्रादच्या फाटकाला काळं निशाण बांधलं होतं. शेजारच्या विजेच्या खांबावर ओब्रादच्या मृत्यूची छापील चौकट डकवलेली होती. फोटो, वय एकाहत्तर, दफन दुपारी एक वाजता, आणि नावाखाली जाड अक्षरांत ‘लंगडी कोंबडी’ फेम. वितोमिरनं ती चौकट सकाळपासून तीनदा वाचली. तिन्ही वेळा आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं त्याच्या मनात आलं. वाटलं ते एवढंच, की ती शेवटची ओळ गाळता आली असती.

बँडची माणसं आलुबुखाराच्या झाडाखाली पाय आपटत उभी होती. सहा ट्रम्पेटं, तीन मोठे भोंगे, आणि मिलिवोये त्याच्या ढोलासह. ओब्राद आजारी पडल्यापासून त्याचा पुतण्या नेनाद बँड सांभाळत होता. चाळिशीचा, कामाला वाघ, पण प्रत्येक गोष्ट आधी ठरवून घ्यायची सवय.

“काका, असं करू,” नेनाद म्हणाला. “निघताना नेहमीचं संथ. वाटेत काही नको, चढ आहे, दम लागतो. आणि खड्ड्यापाशी कोंबडी.”

“कोंबडी नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे नाही.”

नेनादनं मिलिवोयेकडे पाहिलं. मिलिवोयेनं ढोलाकडे पाहिलं. या बँडमध्ये वितोमिरशी वाद घालायचं काम ओब्रादचं होतं, आणि तो आत फळीवर आडवा होता.

“काका, सभापती आलेत. टीव्हीवाले आलेत. एवढी माणसं काय ऐकायला आलीत?”

“माणूस पुरायला आलीत.”

“मी काकूला विचारतो,” असं म्हणून नेनाद घरात गेला.

या कोंबडीनं वितोमिरचं काय घोडं मारलं होतं, ते ओराशे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तो अडतीस वर्षं ते सगळ्यांना सांगत आला होता. एका रिकाम्या दुपारी त्यानं गंमत म्हणून एक चाल बांधली. चाल लंगडत चाले. दर चौथ्या पावलाला एक ठोका गायब, आणि नाचणाऱ्याला तिथं एका पायावर उडी घ्यावी लागे. त्या वर्षीच्या स्पर्धेत वेळ उरला म्हणून ओब्रादनं ती शेवटी वाजवली आणि लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. मग कॅसेट निघाली, बिअरच्या जाहिरातीत आली, फुटबॉलच्या मैदानात गेली. लग्न असो, बारसं असो, मुलगा सैन्यात जात असो, लोक आधी कोंबडी मागत. हजार हजार माणसं कोपर हलवत पक-पक-पकाक करत, आणि ती संपली रे संपली की ओरडत, “अजून एकदा!”

ते दोन शब्द वितोमिरला सहन व्हायचे नाहीत. त्यानं आयुष्यात चार संथ चाली बांधल्या होत्या. त्यातली एक, ‘पाणी उतरतं तेव्हा’, वडील गेले त्या आठवड्यात. एवढी सच्ची गोष्ट आपल्या हातून पुन्हा झाली नाही, हे त्याला माहीत होतं. ती त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला होती. दुसरी बाजू कुणी लावली नाही.

समजून घेणारा एकच होता, तो ओब्राद. कार्यक्रम संपला की गाडीत बसल्या बसल्या दोघं कोंबडीचा उद्धार करायचे. तिला कोल्ह्यानं न्यावी, तिच्या अंड्यांना बुरशी लागावी, असल्या शिव्या ओब्राद शोधून काढायचा की वितोमिरला रागातही हसू फुटायचं. पंधरा वर्षांपूर्वी एका लग्नात त्यांना ती अकरा वेळा वाजवावी लागली. येताना घाटात चाक बसलं. ओब्राद गुडघ्यावर बसून चाक बदलत होता आणि वितोमिर बॅटरी धरून उभा होता.

“ऐक,” वितोमिर म्हणाला होता. “आपल्यातला जो आधी जाईल, त्याच्या खड्ड्यापाशी ही बया फिरकता कामा नये. मागे राहील त्यानं बघायचं. ठरलं?”

आणि ओब्रादनं मान हलवली होती.

माजघरात मेणबत्त्यांचा वास दाटला होता. लेपोसावा नवऱ्याच्या डोक्याशी उभी होती. लग्नात वितोमिर ओब्रादचा साक्षीदार होता, आणि साक्षीदार म्हणजे या गावात रक्ताच्या भावाहून जवळचा. मूलबाळ नसलेल्या त्या घरात त्याचा पेला कायम वेगळा ठेवलेला असे. त्याला बघून तिनं आपल्या शेजारी जागा करून दिली.

“नेनाद म्हणतो, तू कोंबडी वाजवू देत नाहीस.”

“मी नाही, वहिनी. त्याचंच तसं होतं.”

“ओब्रादचं?”

“आमचं ठरलं होतं. जो आधी जाईल त्याच्या वेळी ती नको म्हणून.”

लेपोसावानं वाळूच्या तबकात कललेली एक मेणबत्ती सरळ केली. मग ओब्रादच्या चेहऱ्याकडे बघितलं. घरात पाहुण्यासमोर नवऱ्यानं काही भलतंच सांगितलं की बायको बघते, तसं.

“त्यानं असं सांगितलं,” ती म्हणाली.

“हो.”

“मग राहू दे. त्याची इच्छा.”

तिनं इतक्या पटकन मान्य केलं, की वितोमिरनं तयार ठेवलेली पुढची दोन वाक्यं तशीच राहून गेली.

चढावर बर्फ घट्ट झालं होतं. पाद्री पुढे, मग लाकडी क्रूस धरलेला माणूस, मग शवपेटी, मग सगळं गाव. पाद्र्याचं म्हणून झालं, पेटी दोरांवर खाली गेली, लोकांनी मूठमूठ माती टाकली. नेनादनं वितोमिरकडे पाहिलं. वितोमिरनं काखेतला माउथपीस काढून ट्रम्पेटला बसवला. तीन दिवस दाढी केली नव्हती, ओठावरचे खुंट पितळेखाली टोचले. मग ओठ बधिर झाले आणि टोचायचंही थांबलं.

त्यानं ‘पाणी उतरतं तेव्हा’ वाजवलं. एकट्यानं. सूर फाटला नाही. खालच्या ओळी, वरचा तो लांबलेला सूर, पुन्हा खाली येणं, सगळं जसं अडतीस वर्षं त्याच्या मनात होतं तसंच बाहेर आलं. पहिल्यांदाच एवढी माणसं ते गप्प उभी राहून ऐकत होती. त्यांना दुसरीकडे जाता येत नव्हतं, हेही खरं.

संपलं. कुणी हललं नाही. लोक वाट बघत होते. सभापतींनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. टीव्हीवाल्यानं कॅमेरा खांद्यावरच ठेवला होता. मागच्या रांगेत कुणीतरी म्हातारा बायकोला विचारत होता, “आणि कोंबडी?” बायकोनं त्याला कोपर मारलं. मिलिवोयेची काठी ढोलाच्या कातड्यावर टेकलेली होती, वाजवायची नव्हती तरी. मग नेनादनं ट्रम्पेट पिशवीत घातलं, आणि लोकांना कळलं की संपलं.

खरं सांगायचं तर वितोमिरला त्या क्षणी बरं वाटलं. मित्राला मातीत ठेवून दहा मिनिटं झाली नव्हती आणि त्याला बरं वाटलं. तीन दिवसांत वाटलेली ती पहिली गोष्ट होती, आणि ती अशी निघाली, म्हणून तो स्वतःवरच वैतागला. पण ते वैतागणंही फार वेळ टिकलं नाही. दफनानंतरच्या जेवणाच्या टेबलावर त्यानं घेवड्याचं सूप संपवलं, मृताच्या नावानं राकिया दारूचे दोन थेंब जमिनीवर सांडले, उरलेली प्यायला, आणि समोर बसलेल्यांनी सांगितलेल्या ओब्रादच्या गोष्टींना मान डोलावत राहिला. एका गोष्टीत ओब्रादनं कुण्या मंत्र्याला कोंबडीवर एका पायावर नाचवलं होतं. सगळे हसले. लेपोसावाही हसली. वितोमिर पावाचा तुकडा मोडत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरचं माणूस कबरीवर जातं, गेलेल्याची पहिली रात्र कशी गेली ते विचारायला. लेपोसावा एकटीच जाणार हे वितोमिरला माहीत होतं, म्हणून तो आठच्या सुमारास चढावर पोचला. ती आधीच आली होती. कबरीच्या कडेला फळीवर रुमाल अंथरून तिनं तीन कप मांडले होते आणि लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेल्या भांड्यातून कॉफी ओतत होती.

“आलास,” ती म्हणाली. “मी तुझा कप आणला होता.”

वितोमिरनं सिगारेट पेटवली, एक झुरका घेतला आणि ती क्रूसाच्या पायाशी मातीत उभी खोचली. ओब्रादच्या ब्रँडची होती. स्वतःसाठी दुसरी पेटवली. दोघं काही वेळ पहिल्या सिगारेटची राख वाढताना बघत बसली.

“काल वाजवलंस ते छान होतं,” लेपोसावा म्हणाली. “कुणाचं होतं रे ते?”

वितोमिरनं कॉफीचा घोट घेतला. कॉफी गरम होती, एवढं कळलं.

“जुनं आहे.”

“मला चर्चमधलं वाटलं.”

“हं.”

“झोपले असते मी तिथंच. वाईट म्हणून नाही सांगत. तीन रात्री डोळा लागला नव्हता.”

खाली गावात कुणाच्या तरी धुराड्यातून सरळ धूर वर जात होता. वारा नव्हता. लेपोसावानं त्याच्या हनुवटीकडे बघितलं.

“दाढी केली नाहीस.”

“चाळीस दिवस नाही करायची.”

“ते घरच्यांनी.” मग तीच म्हणाली, “तू घरचाच.” तिनं कप दोन्ही हातांत धरला. “आज सकाळी न्हाणीत गेले. त्याचा वस्तरा तिथंच आहे. आणि घर इतकं गप्प. आजारी होता तेव्हाही गप्पच होतं म्हणा, पण तेव्हा वाटायचं, उठेल, दाढी करेल, शीळ घालेल.”

“कसली शीळ?”

“दाढी करताना घालायचा ती.”

“काय वाजवायचा?”

“काय म्हणजे? कोंबडी.”

वितोमिरनं सिगारेट ओठाकडे नेली होती, ती तिथंच राहिली.

“रोज?”

“रोज. कॅसेट निघायच्याही आधीपासून. पहिल्यांदा मला चिडवायला, मग सवयीनं. तुम्ही बाहेर वाजवता तशी धावत नाही हां. गालावर वस्तरा असायचा ना, म्हणून सावकाश. आणि ती लंगडते ना, जिथं ठोका नाही, तिथं तो वस्तरा उचलायचा. म्हणायचा, या जागेमुळे मी अजून जिवंत आहे.” तिला हसू आलं. “एकदा पाद्री घरी आलेले, तर त्यांच्यासमोर.”

“तो तिला शिव्या घालायचा,” वितोमिर म्हणाला. “वहिनी, मी अडतीस वर्षं ऐकल्यात त्या शिव्या. माझ्यासमोर.”

“तुझ्यासमोर,” लेपोसावा म्हणाली.

तिनं रुमालाची दुमडलेली कड सरळ केली. मग ती बोलली.

“घरी येऊन सांगायचा मला. आज वितो फार कावला होता, मग मीही चार घातल्या, तेव्हा कुठं निवळला. शिव्या विचारायचा मलाच. ती अंड्यांना बुरशीची माझी आहे.”

सिगारेटची राख आपणहून पडली. वितोमिरला वाटलं की आता आपल्याला राग येईल. त्यानं वाट बघितली. राग आला नाही. गाडीतल्या त्या सगळ्या रात्री एकेक करून त्याच्यासमोर आल्या, आणि प्रत्येक रात्री शेजारच्या सीटवर बसून ओब्राद त्याची समजूत काढत होता. एकटेच होतो आपण त्या रागात, हे त्याला आता कळलं, आणि कळून अगदीच रिकामं रिकामं वाटलं.

“ती कोंबडी कुणाची होती, आठवतं तुला?” लेपोसावानं विचारलं.

“कुणाची म्हणजे? अंगणात होती.”

“माझी होती. आईनं लग्नात दिलेली. त्या घरात माझं असं तेवढंच होतं. तिचा पाय मोडला, तर सासूबाई म्हणाल्या, सूप करा. मी लाकडी चमचा मोडला आणि तिच्या पायाला बांधला. ती निघाली टकटक करत, मी तिच्यामागं, सासूबाई माझ्यामागं. आणि तू पायरीवर बसून हसत होतास. मग ट्रम्पेट उचललंस आणि आमच्या चालीवर वाजवायला लागलास.” तिनं कपातला गाळ हलवला. “नंतर पाच वर्षं जगली ती. राणीसाहेब म्हणायचो तिला.”

वितोमिरला पायरी आठवली. रिकामी दुपार आठवली. कोंबडी आठवली. कोंबडीच्या मागून धावणारं कुणी होतं, हे त्याला आत्ता, तिनं सांगितल्यावर आठवलं. धावणाऱ्या पायांत लाल मोजे होते.

“ओब्राद म्हणायचा,” ती म्हणाली, “माझ्या बायकोवर वितोनं गाणं बांधलंय आणि बिचाऱ्याला वाटतं, ते कोंबडीवर आहे.”

घाटातली ती रात्र वितोमिरला स्वच्छ दिसली. बॅटरीच्या उजेडात ओब्राद गुडघ्यावर होता. नट बर्फात हरवू नयेत म्हणून त्यानं चारही नट ओठांत धरले होते, ट्रम्पेटवाला माणूस असून. बोलता येण्यासारखं तोंड नव्हतंच. मान हलली होती, एवढं खरं.

“वहिनी, काल मी तुला सांगितलं, त्यानं तसं सांगितलं होतं म्हणून.”

“हं.”

“त्यानं नव्हतं सांगितलं. मी सांगितलं होतं. त्यानं मान हलवली.”

“मला वाटलंच,” लेपोसावा म्हणाली. “तुला तो कधी नाही म्हणालाय?”

तिच्या आवाजात दोष नव्हता. असता तर वितोमिरला धरायला काहीतरी मिळालं असतं. तिनं स्वतःचा रिकामा कप रुमालावर पालथा घातला. तिसरा कप अजून भरलेला होता, त्यावरची वाफ विरली होती.

ट्रम्पेट घरी होतं. माउथपीस मात्र खिशात होता, तो कायमच असतो. ट्रम्पेटवाले चर्चमध्ये जाताना, दवाखान्यात जाताना, किल्लीसारखा तो खिशात टाकतात. वितोमिरनं तो काढला, बाहीला पुसला आणि ओठाला लावला. ओठ कालचे सुजलेले होते. त्यानं फुंकलं.

नळीशिवायच्या माउथपीसमधून काही संगीत निघत नाही. निघाला तो बदकाचा आवाज. पण चाल ती होती, आणि दुसऱ्या ओळीपर्यंत ती अंगणात सुटल्यासारखी पळायला लागली, कारण हजारो लग्नांत ती तशीच पळाली होती.

“हळू,” लेपोसावा म्हणाली. “वस्तरा आहे गालावर.”

तो थांबला. पुन्हा धरली. या खेपेला अगदी सावकाश, एकेक पाऊल टाकत. त्यानं आयुष्यात ती इतक्या सावकाश वाजवली नव्हती. सावकाश घेतल्यावर ती कुठं कुठं जाते ते त्याला ऐकू यायला लागलं. खालच्या ओळीचं वळण त्याला ओळखीचं वाटलं. ‘पाणी उतरतं तेव्हा’मध्ये वरून खाली येताना तो अशाच वळणानं आला होता. ते त्याच्या लक्षात कधी आलं नव्हतं. चौथ्या पावलापाशी, जिथं ठोका नाही, तिथं तो गप्प राहिला, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला दिसलं की लेपोसावाचा हात रुमालावरून किंचित वर उचलला गेला आणि मग खाली टेकला.

शेवटपर्यंत वाजवून त्यानं माउथपीस खाली घेतला. खुंटांखाली ओठ आता चांगलेच टोचत होते. मातीत खोचलेली सिगारेट बुडापर्यंत जळून विझली होती.

लेपोसावानं तिसरा कप उचलला आणि गार झालेली कॉफी कबरीवर डोक्याच्या बाजूला ओतली. माती ती लगेच प्यायली. तिनं कप पुसला, रुमालात ठेवला, पण रुमालाची गाठ बांधली नाही.

“अजून एकदा,” ती म्हणाली.

वितोमिरनं तिच्याकडे पाहिलं. मग त्यानं कोटाची बटणं सोडली, माउथपीस काखेत धरून जरा ऊब येऊ दिली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.